मला कुणी तपासलंच नव्हतं : व्हेरिकोसील, ऑपरेशन आणि दोन आयव्हीएफ

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्हाला मुलगी झाली. त्याआधी दोघांच्या तपासण्या, एक फसलेलं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार), माझं व्हेरिकोसीलचं म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन, विमा कंपनीशी पत्रव्यवहार आणि दुसरं आयव्हीएफ यांत पावणेतीन वर्षं गेली. त्या काळात मराठीत शोधलं की एक तर औषधांच्या जाहिराती सापडायच्या, नाही तर ‘पुरुषांनो, घाबरू नका’ एवढंच. तारखा, खर्च, कागद, वाट बघणं यांबद्दल कुणी लिहिलेलं दिसायचं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीवर, सुपरवायझर आहे.

लग्न २०१८ चं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोल्हापुरातल्या एका सेंटरमध्ये दोघांच्या तपासण्या झाल्या. त्याआधी जवळपास वर्षभर फक्त बायकोच्याच चालू होत्या : सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच (बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी), मग नळ्यांचा एक्स-रे. तो एक्स-रे बराच दुखतो. तिचं सगळं नॉर्मल आल्यावर माझा नंबर लागला. वीर्यतपासणीला लागले आठशे रुपये. माझं आवर्जून सांगणं आहे, ही तपासणी सगळ्यात आधी करा. सगळ्यात स्वस्त आहे, दुखत नाही आणि निम्मं चित्र तिथंच कळतं. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना लॅबमध्येच द्यायचा, नाही तर घरून तासाभरात आणि अंगाच्या उबेत न्यायचा. एकाच रिपोर्टवर काही ठरवायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायची. ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने आकडे खाली येऊ शकतात.

माझे आकडे असे होते : मिलिलिटरला ७ मिलियन शुक्राणू, नीट पुढं जाणारे ११ टक्के, योग्य आकाराचे २ टक्के. रिपोर्टवर शेजारी छापलं होतं, किमान १५ मिलियन, ३२ टक्के, ४ टक्के. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या पुस्तिकेतले. २०२१ च्या पुस्तिकेत त्यांत थोडा बदल झाला, म्हणून एखाद्या लॅबच्या कागदावर १५ च्या जागी १६ दिसतात. त्यामुळं गोंधळू नका. आणि ही काही पास-नापासची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांतून, सगळ्यात खालचे पाच टक्के सोडून, हा आकडा काढलेला असतो. त्याच्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात. हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी समजावलं. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं लिफाफा दिला आणि ‘मॅडमना दाखवा’ एवढंच म्हणाली.

मॅडमनी, म्हणजे सेंटरच्या डॉक्टरांनी, रिपोर्ट बघितला आणि सांगितलं की काउंट कमी आहे, थेट इक्सी करू. इक्सी हा आयव्हीएफचाच प्रकार, म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं उचलून स्त्रीबीजात सोडायचा. १९९२ मध्ये बेल्जियममध्ये ही पद्धत पुढं आली आणि काउंट फार कमी असलेल्या पुरुषांनाही बाप होता येऊ लागलं. त्यामुळं मॅडमचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पण त्या खोलीत मी कपडे घालून खुर्चीवर बसलो होतो, आणि तसाच बाहेर आलो. मला कुणी तपासलं नाही. दुखतंय का, काम काय करता, लहानपणी ऑपरेशन झालंय का, यातलं एकही विचारलं नाही.

रिपोर्ट घरी सांगायचा होता. आईनं तोवर हिच्यासाठी अंबाबाईची ओटी भरली होती, जोतिबाला नवस बोलून झाला होता, आणि कुणाच्या डोहाळजेवणाला हिला पुढं बसवायचं नाही असं न बोलता ठरून गेलं होतं. मी आईला सांगितलं, “आई, तिचं सगळं नीट आहे. कमी आहे ते माझ्यात.” आई गप्प झाली. मग म्हणाली, “मग डागदरकडं तू जा की. तिला कशाला सुया टोचत्यात?”

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही मला तो सगळ्यात बरोबर प्रश्न वाटतो. दोष पुरुषाच्या बाजूला असला तरी आयव्हीएफचं सगळं बाईच्या अंगावर होतं. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शनं, एक दिवसाआड सोनोग्राफी, भूल देऊन बीजं काढणं, नंतरच्या हार्मोनच्या गोळ्या, सूज. पुरुषाचं काम एका डबीपुरतं. म्हणून पुरुषाच्या बाजूनं काही दुरुस्त होण्यासारखं आहे का, हे आधी बघायला हवं.

जुलै २०२२ मध्ये पहिलं इक्सी झालं. औषधं धरून एक लाख ऐंशी हजार. त्यातले ऐंशी हजार कामगार पतसंस्थेतून उचलले. त्याच वर्षी २५ जानेवारीपासून एआरटीचा (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) नवा कायदा लागू झाला होता, त्यामुळं कागदपत्रं कडक होती. आमच्याकडं दोघांची आधार कार्डं आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला. लग्न गावात झालेलं, नोंदणी राहिली होती. ग्रामसेवकांकडं लग्नपत्रिका, फोटो, भटजी आणि तीन साक्षीदारांच्या सह्या घेऊन दाखला काढला. मग हिच्या आधारवर माहेरचं नाव होतं, ते बदललं. यात दीड महिना गेला. तुम्ही आज पहिल्या तपासणीला जात असाल तर दाखला आणि नावाचं काम आजच सुरू करा. ऐन इंजेक्शनांच्या तोंडावर ते करायची वेळ येऊ नये.

अकरा बीजं मिळाली, त्यातली आठ परिपक्व. सहा फळली. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे भ्रूण छान होते. रोज दुपारी सेंटरचा फोन यायचा, मी भट्टीपासून लांब जाऊन घ्यायचो. पाचव्या दिवशी सांगितलं, एकच पुढं गेला, तोही मध्यम प्रतीचा. तो सोडला. दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह. ही तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

पुढं काय करायचं हे विचारायला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, परत एकदा करू. बाहेर पडताना तिथल्या एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये भ्रूण सांभाळणाऱ्या) ताई जिन्यात भेटल्या. त्यांनी सांगितलेलं मी मोबाईलवर लिहून घेतलं. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण मुख्यतः बीजाच्या साठ्यावर चालतो. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, त्यात बापाकडचीही आली. सगळे भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर अडले तर शुक्राणूंच्या डीएनएकडं एकदा बघावं. “डीएफआय करून घ्या, आणि अँड्रॉलॉजिस्टला दाखवा,” त्या म्हणाल्या. अँड्रॉलॉजिस्ट म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या तक्रारी बघणारे डॉक्टर.

डीएफआय म्हणजे किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलेला आहे त्याची तपासणी. पाच हजार रुपये, नमुना मुंबईला गेला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला : ४१ टक्के. त्या लॅबच्या कागदावर तीसच्या वर म्हणजे जास्त.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या अँड्रॉलॉजिस्टची वेळ मिळाली. पहाटेची एसटी धरून स्वारगेट. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, “दुखतं का?” दुखत होतं. कामाची पाळी संपताना वृषणाच्या डाव्या बाजूला ओढल्यासारखं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) ओढून, वजन उचलून होत असेल असं मला वाटायचं. ते त्यांनी केसपेपरवर लिहिलं. मग उभं करून तपासलं. खोली उबदार ठेवलेली होती, कारण थंडीत कातडी आखडते आणि काही लागत नाही. आधी नुसतं, मग “दम रोखून पोटावर जोर द्या.” नंतर त्यांनी खणातून एक मण्यांची माळ काढली. मणी लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर मिलिलिटरचा आकडा. एका हातात मणी आणि दुसऱ्यात वृषण असं ताडून त्यांनी आकार मोजला. उजवं १५, डावं १२. सगळी तपासणी पाच मिनिटांत झाली, कसलंही यंत्र लागलं नाही.

“डावीकडं व्हेरिकोसील आहे, ग्रेड तीन. उभं राहिलं की नुसत्या डोळ्यांनी दिसतंय.”

त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते माझ्या शब्दांत सांगतो. वृषणातलं रक्त वर नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली साचतं आणि पायाच्या शिरा फुगतात तशा इथल्या शिरा फुगतात. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, उजवी तिरकी थेट मोठ्या शिरेला मिळते. (फक्त उजवीकडं एकाएकी फुगवटा आला तर पोटाची सोनोग्राफी जरूर करतात, पोटात शिरेवर कशाचा दाब नाही ना ते बघायला.) वृषण शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी गार राहावं लागतं, म्हणून तर ते बाहेर लोंबतं. साचलेल्या रक्तानं तिथली उष्णता वाढते, त्रासदायक घटक साठतात, शुक्राणू कमी बनतात, मंद होतात आणि त्यांचा डीएनए तुटतो. मी माझ्या भट्टीबद्दल विचारलं. ते म्हणाले, बाहेरच्या उष्णतेची त्यात भर पडू शकते, किती ते मोजता येणार नाही. जागा बदलून मिळत असेल तर बघा.

हेही त्यांनीच सांगितलं आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे : साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. मूल न होण्याच्या तक्रारीनं येणाऱ्यांत मात्र ते प्रमाण पस्तीस-चाळीसवर जातं. ऑपरेशन कुणाचं? हाताला लागणारं व्हेरिकोसील, बिघडलेला रिपोर्ट आणि मूल हवंय, हे तिन्ही असेल त्याचं. फक्त सोनोग्राफीत दिसणारं, हाताला न लागणारं असेल तर ऑपरेशनचा फायदा दिसलेला नाही. कुणी नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मग त्यांनी हिच्याकडं वळून वय विचारलं. तीस. एएमएच बघितला, चांगला होता. “तुमच्याकडं वेळ आहे, म्हणून मी ऑपरेशन सुचवतोय. वय सदतीस-अडतीस असतं, बीजं कमी असती, तर थांबू नका म्हणालो असतो.” शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात. त्यामुळं आज शिरा बांधल्या तरी फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. तीनपैकी साधारण दोघांचा रिपोर्ट सुधारतो, एकाचा नाही. आणि रिपोर्ट सुधारला म्हणजे मूल होईलच असं नाही.

डॉप्लर (रक्त कुठं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) केलं, अठराशे रुपये. शीर ४.१ मिलिमीटर, दम रोखल्यावर रक्त उलटं येताना स्क्रीनवर रंगात दिसलं. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन नॉर्मल. जिममधल्या एका मित्रानं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यानं शुक्राणू बनणं थांबतंच. हे मी इथं ठळक लिहितोय, कारण शिरोलीत निदान चार पोरं तरी मला माहीत आहेत जी ती घेतात. दुकानात मिळणाऱ्या महागड्या पावडरींबद्दल विचारलं तर म्हणाले, ठोस पुरावा नाही, हे पैसे साठवा.

ऑपरेशन डिसेंबर २०२२ मध्ये ठरलं. मायक्रोस्कोपखाली करायचं, जांघेत छोटी चीर देऊन. शिरा बांधायच्या आणि धमनी, लसिकावाहिन्या वाचवायच्या. यात पुन्हा उद्भवण्याचं आणि पाणी साचण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. अंदाज पंच्याण्णव हजारांचा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, म्हणून कॅशलेसला पाठवलं. टीपीएकडून (विम्याचे क्लेम तपासणाऱ्या मधल्या कंपनीकडून) प्रश्न आला : हे वंध्यत्वासाठी आहे का? हॉस्पिटलनं उत्तर दिलं, तरी आदल्या संध्याकाळी कॅशलेस नाकारल्याचा मेसेज आला. पैसे मेहुण्यानं दिले.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कमरेतून भूल, दीड तास, दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर आधार देणारा लंगोट, बर्फ, चालताना जपून. सूज आणि काळंनिळं होणं दहाएक दिवस होतं. जड उचलायचं नाही असं महिनाभर सांगितलं होतं. प्लांट मॅनेजरना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी मला तीन महिने डिस्पॅचला दिलं आणि पुढं कुणाला काही बोलले नाहीत.

विम्याचं मात्र सविस्तर सांगतो. सगळी बिलं लावून क्लेम टाकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्र आलं : नामंजूर, कलम एक्सक्ल १७. हे कलम जवळपास सगळ्या पॉलिसींत सारखं आहे : वंध्यत्वाचे उपचार आणि आयव्हीएफचा खर्च विमा देत नाही. पण माझ्या केसपेपरवर पहिल्याच भेटीत दुखणं, ग्रेड तीन आणि लहान झालेलं डावं वृषण लिहिलेलं होतं, आणि ते खरं होतं. सर्जननी त्याच मजकुराचं पत्र दिलं. ते पत्र, पहिला केसपेपर, डॉप्लर आणि डिस्चार्ज कार्ड जोडून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. भाषा साधी ठेवली : हा रक्तवाहिनीचा आजार आहे, दुखणं आणि वृषण आक्रसणं या कारणांसाठी शस्त्रक्रिया झाली, वंध्यत्वाचा उपचार म्हणून मी काही मागितलेलं नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं, आमच्यासाठी पुण्याचं कार्यालय, आणि तिथं फी नसते. तिथवर जावं लागलं नाही. एप्रिलमध्ये एक्क्याऐंशी हजार जमा झाले, हातमोजे-सिरिंज वगैरे कापून. डॉक्टरांना जे जे होतंय ते सगळं सांगा आणि पहिल्या कागदावर लिहिलंय का ते तिथंच वाचा. नंतर घातलेली ओळ कुणी मानत नाही. आणि पॉलिसी वैयक्तिक असेल तर व्हेरिकोसीलला दोन वर्षांची थांबण्याची अट आहे का ते बघा.

मार्च २०२३ चा रिपोर्ट : १३ मिलियन, पुढं जाणारे २४ टक्के, डीएफआय २७. जूनमध्ये १९ मिलियन, ३१ टक्के, डीएफआय २१. मी तो कागद गाडीत बसून पुन्हा पुन्हा वाचला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच प्रयत्न करता येतील, आययूआयसुद्धा (शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं) चालेल. आम्ही सप्टेंबरपर्यंत दोन्ही केलं. नाही झालं. दर महिन्याला तारीख जवळ आली की घरात सगळे हळू बोलायचे.

सप्टेंबरच्या शेवटी हीच म्हणाली, “अहो, तुमचं करायचं ते करून झालं. आता माझ्या बीजांचं वय वाढवत बसायचं नाही.” मला अजून चार महिने थांबावंसं वाटत होतं. पण शरीर तिचं, इंजेक्शनं तिला. तिचं म्हणणं चाललं.

कोल्हापुरातलंच दुसरं सेंटर निवडलं. एआरटी कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी विचारलं, प्रमाणपत्र भिंतीवर होतं. जुन्या सेंटरकडून रिपोर्टच नाही, तर भ्रूणांची दिवसागणिक नोंद असलेला कागदही मागून आणला. तो मागितल्याशिवाय देत नाहीत. नव्या डॉक्टरांनी त्यावरून बरंच ठरवलं. माझा एक नमुना आधीच गोठवून ठेवला, ऐनवेळी ताणामुळं देता आला नाही तर असू दे म्हणून. हे तुम्हीही मागा.

संमतीपत्रं बरीच होती, इंग्रजीत. हिनं सिस्टरना सांगितलं, मराठीत वाचून दाखवा, मग सही. वाचताना एका कलमापाशी आम्ही दोघंही थांबलो : दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर, किंवा वेगळे झालात तर, गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं? घरी जाऊन रात्री बोललो आणि दुसऱ्या दिवशी सही केली. गर्भाशयात भ्रूण सोडण्याआधी कधीही संमती मागं घेता येते, हेही त्यातच कळलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा बीजं निघाली. पाचव्या दिवशी चार ब्लास्टोसिस्ट, म्हणजे तिथवर नीट वाढलेले भ्रूण. खर्च दोन लाख दहा हजार, पुढं गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरचे पंचेचाळीस हजार वेगळे. डिसेंबरच्या मध्यावर एक सोडला. नाताळच्या सुट्टीत लॅब अर्धा दिवस उघडी होती, तेव्हा बीटा आला. पॉझिटिव्ह. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, “तिला आधी जेवायला घाल.”

ऑपरेशनमुळंच झालं का, असं मी नंतर पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका जोडप्यावरून तसं सांगता येत नाही. औषधांची मात्रा वेगळी होती, लॅब वेगळी होती. पण डीएफआय निम्म्यावर आला आणि भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचले, एवढं कागदावर आहे. माझं दुखणं गेलं, तेही आहे.

तीन भ्रूण अजून गोठवलेले आहेत. वर्षाचं भाडं पंधरा हजार, दर ऑक्टोबरला भरायचं. कायद्यानं जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत त्याबद्दल बोलायचं नाही असं हिनं सांगितलंय. त्याआधी मी एकदा डॉप्लर आणि वीर्यतपासणी करून घेणार आहे, कारण मी पुन्हा मेल्टिंगला आलोय.